आईला वर्षभर थकवा आणि धाप, डॉक्टर म्हणतात ‘वयामुळे’. बायकांचं निदान असं का लांबतं?

तुम्ही लिहिलंय की आई ४७ वर्षांची, चार घरची धुणीभांडी करते आणि दोन डॉक्टरांनी ‘पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून टॉनिक दिलं.

आधी तातडीचं सांगते. बसल्या जागी धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ, असं काही एकदम सुरू झालं तर ओपीडीची वाट पाहू नका, १०८ला फोन करा. हार्ट अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतंच, पण जोडीला धाप, मळमळ, पाठदुखी पुरुषांपेक्षा जास्त दिसते. मग ‘गॅसेस’ म्हणून गोळी मिळते.

मी पुण्यात एका ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. ‘काय होतंय?’ असं डॉक्टर बाईंना विचारतात आणि उत्तर नवरा किंवा मुलगा देतो: ‘काही नाही, अशक्तपणा आहे.’ केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढचे डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात.

या अशक्तपणाचा मला फार राग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, आढळला. इतका सर्रास आहे म्हणूनच कारण शोधलं जात नाही. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण रक्त जातंय कुठून? गर्भाशयातल्या गाठींमुळे, मूळव्याधीतून, की आतड्यातून? कचरा वेचणाऱ्या बायकांना ऐकावं लागतं, ‘धुळीत काम करता, खोकला येणारच.’ खरं तर दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासायलाच हवी, आणि सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते. तृतीयपंथी तर कुठल्या रांगेत उभं राहायचं इथेच अडतात, आणि दुखणं अंगावर काढतात.

तुमच्या आईला स्वतः बोलू द्या. ‘दम लागतो’ एवढ्याने भागत नाही. ‘दिवाळीपर्यंत भरलेली बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचे, आता पहिल्यालाच थांबते,’ असं कामाच्या भाषेत सांगू द्या आणि ते केसपेपरवर लिहायची विनंती करा. पाळीत किती अंगावरून जातं हे ती मुलासमोर सांगणार नाही, म्हणून आत बाईमाणसानेच सोबत जावं. मग विचारा, ‘डॉक्टर, हे टेन्शनच आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरलं?’ बीपी, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी रक्ततपासणी), थायरॉइड, साखर, ईसीजी एवढं तरी व्हायला हवं. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी चालताना लागणारी धाप हृदयाची नाही असं ठरत नाही. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) लागेल का, ते विचारा.

खर्चाची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जा. जुने रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. पुढे मोठे उपचार लागलेच तर तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेची माहिती देणारा कर्मचारी) महात्मा फुले जन आरोग्य या सरकारच्या मोफत उपचार योजनेची चौकशी करा.