सात दिवसांची टेप सातव्या दिवशी का मिळत नाही?

प्रश्न: ताई, आमच्या ऑफिसात सोमवार ते गुरुवार रोजच्या बॅकअपच्या, म्हणजे डेटाची प्रत ठेवायच्या, चार टेप्स आहेत, शुक्रवारी फुल बॅकअपची (सगळ्या डेटाच्या प्रतीची) वेगळी, आणि महिनाअखेरची एक काढून कपाटात ठेवतो. रोजच्या टेप्सना ७ दिवसांचं ओव्हरराइट प्रोटेक्शन, म्हणजे तेवढे दिवस टेपवर नवीन काही लिहू न देणारं सेटिंग, दिलं होतं, तरी दर वेळी रात्री बॅकअपचा जॉब अडकायचा आणि सकाळी येऊन बघावं तर स्क्रीनवर 'ओव्हरराइट करता येईल अशी टेप घाला'. अहो, टेप तर ड्राइव्हमध्येच होती! शेवटी वैतागून प्रोटेक्शन शून्य केलं. चार आठवडे छान चाललं आणि परवा महिनाअखेरची टेप ड्राइव्हमध्येच विसरली, तिच्यावर रोजचा बॅकअप बसला. जुना डेटा परत मिळेल का? आणि सेटिंग नेमकं काय ठेवू?

उत्तर: आधी त्या टेपचं बघू. ती अजून ड्राइव्हमध्ये असेल तर आत्ताच्या आत्ता काढा आणि कोपऱ्यातली लॉकची छोटी पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे आणखी काही लिहिलं जाणार नाही. तुमच्या ड्राइव्हवर जुना डेटा आता वाचता येणार नाही, हे सांगताना मला खरंच वाईट वाटतंय. टेप ही एक लांबच लांब फीत असते, एलटीओ या बॅकअप टेपच्या प्रकारातल्या आठव्या पिढीची, म्हणजे एलटीओ-८ ची, ९६० मीटर, आणि सुरुवातीपासून नवीन बॅकअप लिहिला की तो संपतो तिथे ड्राइव्ह 'डेटा इथे संपला' अशी खूण करतो, त्या खुणेच्या पुढे जायला तो तयारच होत नाही. पुढच्या फितीवर जुना डेटा तसाच पडलेला असला तरी! डेटा रिकव्हरीवाल्यांकडे त्यापुढचं वाचायची सोय कधीकधी असते, पण जेवढ्यावर नवीन लिहिलं गेलं तेवढं गेलंच. म्हणून त्याआधी शुक्रवारच्या टेप्स बघा, महिनाअखेरच्या जवळचा फुल बॅकअप त्यातल्या एखादीवर शिल्लक असेल तर ती टेप आजच फिरतीतून बाहेर काढून ठेवा, येत्या शुक्रवारी तिचाच नंबर लागायचा.

आता अडकण्याचं कारण. सोमवारी रात्री १० ला जॉब सुरू झाला आणि पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी संपला असं धरा. बॅकअप एक्झेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटेक्शन मोजायला सुरुवात होते ती लिहून संपल्यापासून, जॉब सुरू झाल्यापासून नाही. म्हणजे ७ दिवस भरणार पुढच्या मंगळवारी पहाटे ३:२० ला, आणि तुमचा जॉब उभा राहतो सोमवारी रात्री १० ला. ५ तास २० मिनिटं कमी पडतात! सॉफ्टवेअरने टेप द्यायला नकार दिला ते बरोबरच केलं. म्हणून आठवड्याने परत येणाऱ्या टेपला ६ दिवस द्या, चार आठवड्यांनी येणारीला २७. एवढंच करायचं होतं हो, प्रोटेक्शन काढायची गरज नव्हती.

एकाच टेपवर रोज पुढे पुढे लिहीत असाल, म्हणजे अपेंड, तर प्रत्येक नवीन लिखाणानंतर प्रोटेक्शनचे दिवस परत पहिल्यापासून मोजले जातात, म्हणून 'ही टेप अजून मोकळी का होत नाही' असं वाटत राहतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बॅकअपची मुदत वेगळी मोजली जाते तिथे तर त्यातल्या शेवटच्या बॅकअपची मुदत संपेपर्यंत अख्खी टेप अडकते, त्यामुळे एक वर्ष ठेवायचा डेटा आणि एक आठवडा ठेवायचा डेटा एका टेपवर कधीच घालू नका.

शुक्रवारच्या टेप्स किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. एकच असेल तर मला काळजी वाटते, कारण नवीन फुल बॅकअप सुरू झाला की जुना त्याच क्षणी गेला, आणि नवीन अर्ध्यात फेल झाला तर हातात काहीच नाही, सोमवार ते गुरुवारचे इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या डेटाचे, असतील तर तेही त्या फुलशिवाय निरुपयोगी. निदान दोन तरी ठेवा, चार असतील तर उत्तम. महिनाअखेरच्या टेप्सचा मीडिया सेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला टेप्सचा गट, वेगळा करा, त्याला १२ महिन्यांचं प्रोटेक्शन द्या, आणि टेप बाहेर काढली की कपाटाकडे जायच्या आधी हातानेच पट्टी सरकवा. या पट्टीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग काहीही असो, पट्टी लॉकला असली की ड्राइव्ह लिहीत नाही. एकदा आमच्या बॅकअप सर्व्हरची मदरबोर्डवरची बॅटरी बदलली तेव्हा तारीख चुकून एक वर्ष पुढची पडली आणि सकाळी लिस्टमध्ये बघते तर सगळ्या टेप्स 'मोकळ्या'! रात्रीचा जॉब लागायच्या आत तारीख दुरुस्त केली म्हणून निभावलं, नाहीतर त्याने पहिली हाताला लागेल ती टेप घेतली असती. तेव्हापासून सर्व्हरचं घड्याळ बघितल्याशिवाय मी टेप बदलत नाही.

प्रश्न: जुन्या टेप्स बाहेर द्यायच्या आहेत, क्विक इरेज (सॉफ्टवेअरमधलं झटपट पुसणं) केलं तर पुरेल का?

उत्तर: नाही. क्विक इरेज फक्त सुरुवातीला 'इथे काही नाही' अशी खूण करतं, वर सांगितलं तसा बाकीचा डेटा फितीवर तसाच राहतो. लाँग इरेज करा, म्हणजे अख्खी फीत पुसली जाते, त्याला कित्येक तास लागतात. डीगॉस केलंत, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसलंत, तर डेटा जाईल पण एलटीओ टेपवर कारखान्यात लिहिलेले सर्वो ट्रॅकही (ड्राइव्हला फितीवर जागा दाखवणाऱ्या खुणा) पुसले जातात आणि टेप परत वापरता येत नाही, म्हणजे टाकूनच द्यायची असेल तर डीगॉस चालेल, कुणाला वापरायला द्यायची असेल तर नाही.

प्रश्न: एलटीओ-६ च्या टेप्स १० वर्षं ठेवायच्या आहेत, नवीन एलटीओ-८ ड्राइव्ह घेतोय, चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप्स वाचायचे, एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो, म्हणजे ७ आणि ८. जुना ड्राइव्ह चालू आहे तोवरच त्या टेप्सवरचा डेटा नवीन टेप्सवर कॉपी करून घ्या, आणि प्रत्येक टेपमधली एखादी फाइल रिस्टोअर करून, उघडून बघितल्याशिवाय जुनी टेप मोकळी करू नका.