मुस्तफा यादीत का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात जुना टीव्ही, एक रास्पबेरी पाय 3 (छोटा संगणक) आणि दोन जॉयस्टिक जोडून पोरांसाठी जुने व्हिडिओ गेम लावले आहेत. मेमरी कार्ड तयारच विकत घेतलं. विकणाऱ्यानं 'दहा हजार गेम' आहेत असं सांगितलं. पोरं अर्धा तास यादीच खाली-वर करत बसतात आणि निम्मे गेम सुरूच होत नाहीत. न चालणाऱ्या फायली मी उडवायला घेतल्या. त्यात 'निओजिओ' नावाची एक होती, तीही उडवली. त्या दिवसापासून चालू असलेला मेटल स्लगही बंद पडला. मला स्वतःला लहानपणचा मुस्तफा खेळायचा आहे, तो यादीत कुठंच नाही. आणि चांगले गेम निवडून त्यांना तारा लावून ठेवला, तर सकाळी तारे गायब. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी ती निओजिओची फाईल परत जागेवर ठेवा. तो गेम नव्हताच. एसएनके कंपनीनं 1990 साली निओजिओ हे गेमचं मशीन काढलं तेव्हा मशीनच्या आत एक मूळ बोर्ड कायमचा बसवलेला असे आणि गेम म्हणजे त्यावर खोचायची कार्ट्रिज. मशीन सुरू करणं, नाणी मोजणं, तपासणीचा पडदा दाखवणं ही कामं मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये होती, म्हणून ती प्रत्येक कार्ट्रिजमध्ये वेगळी भरलेली नाहीत. फायलींमध्येही तीच रचना जशीच्या तशी उतरली आहे. मेटल स्लगची फाईल म्हणजे नुसती कार्ट्रिज, आणि तुम्ही खालचा बोर्डच काढून टाकला. किंग ऑफ फायटर्सचे सगळे भागही त्याच दिवशी बंद पडले असतील, बघा.

तेव्हा यापुढं मूळ फोल्डरमधलं काहीही उडवू नका. त्याची एक पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा, आणि जी काटछाट करायची ती दुसऱ्या प्रतीवर करा.

यादी एवढी अवाढव्य का, हे कळलं की काम निम्मं होतं. हे गेम ज्या प्रोग्रामवर चालतात तो मल्टिपल आर्केड मशीन एम्युलेटर, म्हणजे मेम. दुकानातल्या जुन्या गेम मशीनची हुबेहूब नक्कल संगणकावर करणारा प्रोग्राम. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरनं फेब्रुवारी 1997 मध्ये त्याची पहिली आवृत्ती बाहेर काढली. मेम लिहिणाऱ्यांचा मुख्य हेतू जुनी यंत्रं आतून कशी चालायची याची नोंद जपण्याचा आहे. त्यामुळं जे सापडलं ते सगळं त्यांनी नोंदवलं : जपानी माहजोंग (सोंगट्यांचा खेळ), जुगाराची मशीनं, प्रश्नमंजूषा, अर्धवट चालणारे, अजिबात न चालणारे. 2015 मध्ये घरगुती संगणकांचा मेस हा जोडप्रकल्पही मेममध्ये मिसळला, तेव्हापासून तर त्यात कॅल्क्युलेटर आणि बुद्धिबळाची यंत्रंसुद्धा आहेत. सातबाऱ्यावर पोटखराबाही नोंदलेला असतो, पण पेरणी वहितीच्या जमिनीवरच होते. तुमच्या कार्डवर कुणीतरी अख्खा सातबारा ओतला आहे आणि वहितीचं क्षेत्र दाखवायचं विसरला आहे.

आता निम्मे गेम का चालत नाहीत ते. गेमची झिप फाईल उघडून पाहा. आत एकच फाईल नसते, आठ-दहा किंवा त्याहून जास्त तुकडे असतात. एकेक तुकडा म्हणजे खऱ्या बोर्डावरच्या एकेका चिपमधली माहिती. पुढं कुणाला जास्त चांगला बोर्ड मिळाला, एखादी चिप नव्यानं वाचली गेली, की मेमच्या पुढच्या आवृत्तीत त्या तुकड्याचं नाव किंवा मजकूर बदलतो. म्हणून गेमचा संच आणि मेमची आवृत्ती यांची जोडी जुळावी लागते. पाय 3 वर बहुतेक वेळा मेम 2003 लावतात, तो मेमच्या 0.78 आवृत्तीवर आधारलेला आहे. त्याला 0.78 चाच संच हवा. नव्या संचातला गेम दिला तर पडदा क्षणभर काळा होतो आणि परत यादी येते. तुमच्याकडं हेच होत असणार. कार्ड भरणाऱ्यानं चार आवृत्त्यांचे संच एकत्र कालवले आहेत.

हे डोळ्यांनी निवडता येत नाही. एखाद्या विंडोज संगणकावर सीएलआर-मेमप्रो किंवा रॉमव्हॉल्ट बसवा आणि त्याला मेम 2003 ची डॅट फाईल द्या. डॅट म्हणजे कुठल्या गेममध्ये कुठले तुकडे हवेत, त्यांचा आकार किती आणि ओळखखूण काय, याची पक्की यादी. प्रोग्राम प्रत्येक तुकडा तपासतो आणि पूर्ण असलेले गेम वेगळ्या फोल्डरमध्ये रचून देतो. रात्रभर लागली तरी लागू द्या. एवढ्यानंच न चालणाऱ्यांतले बहुतेक गळतील.

त्यानंतरची गाळणी तुमच्या दोन जॉयस्टिकची. डॅट काय किंवा मेमची स्वतःची एक्सएमएल यादी काय, तिच्यात प्रत्येक गेमपुढं लिहिलेलं असतं की तो नीट चालतो की कच्चा आहे, किती जण खेळू शकतात, बटनं किती, पडदा आडवा की उभा, आणि खेळायला काय लागतं : जॉयस्टिक, स्टिअरिंग, बंदूक की ट्रॅकबॉल. मिसाईल कमांड हा 1980 चा अप्रतिम गेम, पण तो ट्रॅकबॉलचा. जॉयस्टिकवर खेळणाऱ्या पोराला तो भिकार वाटेल आणि त्यात गेमचा काही दोष नाही. ऑपरेशन वुल्फला बंदूक हवी, आऊट रनला स्टिअरिंग. हे सगळे बाजूला काढा. ज्यांना सीएचडी नावाची मोठी फाईल, म्हणजे मशीनमधल्या डिस्कची प्रत, लागते तेही काढा. किलर इन्स्टिंक्टच्या मूळ मशीनमध्ये हार्ड डिस्क होती, ती ओढणं तुमच्या पायच्या आवाक्यातलं नाही. माहजोंग आणि जुगाराचे गेम कॅटव्हर नावाच्या विषयवार यादीवरून एका झटक्यात निघतात.

इथवर यंत्राचं काम. पुढचं हातानं करावं लागतं, कारण इथंच माणसं चुकतात. मुस्तफाकडं येतो.

मी 1994 पासून सात वर्षं आर्वीच्या एसटी स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान चालवलं. चार मशीनं, एक रुपयात एक डाव. शाळा सुटली की दप्तरं भिंतीशी टाकून पोट्टे ओरडत, "भाऊ, मुस्तफा लावा ना!" मशीनच्या मागचं दार उघडायचं, छप्पन्न पिनांचा जामा पट्टा एका बोर्डातून उपसायचा, दुसऱ्यात खोचायचा. पिनांवर काळपट थर चढला असेल तर शाळेतल्या खोडरबरानं घासायचा. मग निळसर चमकून पडदा उजळला की मागं उभी असलेली सगळी पोरं एकदम पुढं सरकायची. त्या गेमला मुस्तफा म्हणणारे आपणच. कॅपकॉमनं 1993 साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, आणि मुस्तफा हा त्यातल्या चार जणांपैकी एक, सगळ्यात चपळ, धावत येऊन लाथ घालणारा. तेव्हा यादीत इंग्रजी 'सी' अक्षराखाली पाहा. फाईलचं नाव तर आणखी तोकडं : डी, आय, एन, ओ. मेम सुरू झालं तेव्हा फाईलच्या नावाला आठच अक्षरांची मर्यादा होती, त्या काळातली ही नावं आहेत.

त्या एका गेमच्या तीन-चार फायली दिसतील : जगासाठीची, अमेरिकेची, जपानची. पहिलीला पेरेंट म्हणतात, बाकीच्या क्लोन. पुष्कळ जण 'क्लोन सगळे काढून टाका' असा सल्ला देतात. डिनोच्या बाबतीत तो बरोबर आहे, जगासाठीची इंग्रजी आवृत्ती ठेवा, बस. पण स्ट्रीट फायटरच्या बाबतीत माझा त्याला ठाम विरोध आहे. माझ्या दुकानात 1992 च्या चॅम्पियन एडिशनचा अस्सल बोर्ड कधी आलाच नाही. आली ती नकली, रेनबो नावानं ओळखली जाणारी. तिच्यात लढता लढता स्टार्टचं बटन दाबलं की गडीच बदलायचा आणि हवेत उडी मारूनही आगीचे गोळे सुटायचे. चाळीशीतल्या कुणाला विचारा, त्याला तोच स्ट्रीट फायटर आठवतो. मेममध्ये ती आवृत्ती क्लोन म्हणून नोंदलेली आहे. क्लोन सरसकट उडवले की नेमकं तेच जातं जे आपण खेळलो, आणि यादी बघून ते गेल्याचं कळतही नाही. म्हणून क्लोन काढण्याआधी गावातल्या दोन-चार जुन्या खेळणाऱ्यांना बोलवा, खेळवा आणि त्यांना विचारा, "हाच का तो?"

आणखी एक सावधगिरी. संच 'स्प्लिट' पद्धतीचा असेल तर क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळे तुकडे असतात, बाकीचे ती पेरेंटमधून उचलते. तेव्हा रेनबो ठेवायची तर चॅम्पियन एडिशनची फाईलही ठेवावीच लागते. ती यादीत नको असेल तर लपवा, काढू नका.

शेवटी किती ठेवावेत? मी तुमच्या जागी असतो तर साठ. एकत्र मारामारी करत पुढं जायचे दहा-बारा, समोरासमोरचे तेवढेच, विमानांचे थोडे, आणि लहानांसाठी पॅक-मॅन, गॅलागा, बबल बॉबल. तुमच्याकडं जॉयस्टिक दोन आहेत, म्हणून दोघांनी एकाच वेळी खेळायच्या गेमना झुकतं माप द्या. एक खेळतो आणि दुसरा रांगेत उभा राहतो, त्यापेक्षा वाचनालयात हे बरं.

ताऱ्यांचं कोडं तर आपल्या भागाचंच आहे. पडद्यावर गेमची यादी दाखवणारा प्रोग्राम म्हणजे इम्युलेशनस्टेशन. तो लावलेला तारा लगेच कार्डावर लिहीत नाही, स्वतः बंद होताना लिहितो. तुम्ही रात्री तारे लावले आणि मेन्यूतून बंद न करता बटन काढलं, किंवा लाईन गेली, की सगळी मेहनत पाण्यात. सेटिंगमध्ये 'सेव्ह मेटाडेटा' आहे, ते 'ऑलवेज'वर ठेवा. अचानक वीज जाण्यानं मेमरी कार्डही खराब होतं. पायला इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या आणि पूर्ण जमलेल्या कार्डाची एक हुबेहूब प्रत काढून ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मेम मोफत आणि कायदेशीर आहे, पण बहुतेक गेमचे हक्क अजून त्यांच्या कंपन्यांकडं आहेत. असं भरलेलं कार्ड विकणं बेकायदा आहे, आणि वाचनालय ही सार्वजनिक जागा. रॉबी रोटो, ग्रिडली, पॉली-प्ले, टार्ग असे काही गेम हक्कदारांनीच विनामूल्य, बिगरव्यापारी वापरासाठी खुले केले आहेत आणि मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. सुरुवात तिथून करा. कॅपकॉमसारख्या कंपन्या आपले जुने गेम आता अधिकृत संचात विकतातही. आणि पोरांकडून एक रुपयाही घेऊ नका.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्या मामानं दिलेल्या गेमच्या डब्यात काही माहजोंगचे गेम आहेत, जिंकलं की अश्लील चित्रं येतात. ते त्याच्यापुढं येऊ नयेत म्हणून काय करता येईल?
— एक आई, हिंगणघाट

उत्तर : ताई, तुम्ही वेळीच पाहिलंत. कॅटव्हर यादीत असे गेम 'मॅच्युअर' म्हणून खूण केलेले असतात, पण खुणेवर विसंबू नका, माहजोंगचे सगळेच काढा. मग मुलासाठी योग्य वाटतील ते गेम एकेक करून स्वतः खेळून पाहा, सिलेक्ट दाबून त्या गेमच्या माहितीत जा आणि 'किडगेम'ची खूण चालू करा. सेटिंगमध्ये यूआय मोड 'किड' ठेवला की फक्त खूण केलेलेच दिसतात. परत पूर्ण यादी हवी असेल तेव्हा वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए असं दाबायचं. पण कॉन्ट्रा खेळलेल्या कुठल्याही पोराला हा क्रम तोंडपाठ असतो. म्हणून नको ते गेम नुसते लपवून भागणार नाही, डब्यातून खरोखर काढाच.

प्रश्न : पॅक-मॅन वळणावर अडकतो. जॉयस्टिक नवी आहे. गेमची फाईल खराब असेल का?
— एक विद्यार्थी, पुसद

उत्तर : फाईल चांगली आहे. 1980 च्या पॅक-मॅनची मूळ जॉयस्टिक चारच दिशांची होती, तुझी आठ दिशांची आहे. वळताना ती तिरपी जाते, दोन दिशा एकदम दाबल्या जातात आणि गेमला कळत नाही कुठं वळायचं. 1981 च्या डाँकी काँगलाही हाच त्रास होईल. जॉयस्टिक खालून उघड. दांड्याभोवती प्लास्टिकची एक चौकट असते, बऱ्याच जॉयस्टिकमध्ये ती फिरवून लावली की चारच दिशा उरतात. पण तीच जॉयस्टिक स्ट्रीट फायटरलाही वापरत असशील तर फिरवू नकोस. आठवड्याच्या पॉकेटमनीतून साठवून चार दिशांची दुसरी घे, आणि चार दिशांच्या गेमची यादी वेगळी कर.