माकडं आंघोळीला नव्हे, दाण्यांना येतात

मागच्या अंकात जपानच्या जिगोकुदानी या माकडांच्या पार्कातला फोटो छापला होता. डोक्यावर बर्फ, अंग गरम पाण्यात, डोळे मिटलेले, अशी एक माकडीण. त्यावर बरीच पत्रं आली. मी नागानो शहरात राहते आणि थंडीत भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना तिकडे घेऊन जाणं माझ्याकडेच असतं, म्हणून संपादकांनी तो गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला.

ताई, आम्ही एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला येतोय. तेव्हा माकडं कुंडात बसलेली दिसतील ना? (डोंबिवली)

माकडं दिसतील, कुंडात बसलेली बहुधा नाही. त्यांना पाण्याची हौस नाही, थंडीपासून सुटका हवी असते. तुमच्या डोळ्यांसमोर जो फोटो आहे तो जानेवारी-फेब्रुवारीतला. डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ कमी असला तर त्या महिन्याचाही भरवसा धरू नका. एप्रिलनंतर मात्र पिल्लं जन्मायला लागतात, आणि आईच्या पोटाला चिकटलेलं काळपट पिल्लू बघायला मला तरी कुंडापेक्षा जास्त आवडतं. टाळायचाच असेल तर शरद ऋतू टाळा. तो त्यांचा समागमाचा काळ. नर-माद्या डोंगरात पांगतात, आणि एखाद्या दिवशी कळप खाली उतरतच नाही. निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावरचा थेट कॅमेरा बघून घ्या.

माझा मेहुणा म्हणतो, हे सगळं पर्यटकांसाठी रचलेलं आहे, ती पाळलेली माकडं आहेत. खरं काय? (सांगली)

मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे. ते कुंड माणसांनी बांधलेलं आहे, आणि माकडं तिथे येतात ती खाण्यासाठी. पार्कचे कर्मचारी दिवसातून काही वेळा जव टाकतात, सोयाबीन, सफरचंदंही देतात. हे मी पाहुण्यांना वाटेतच सांगून टाकते. काहींचा चेहरा पडतो. पडू दे.

पण कुंपण नाही, पिंजरा नाही. सकाळी कळप डोंगर उतरून येतो, संध्याकाळी आपल्या मर्जीने परत जातो. दाणे टाकण्यामागेही कारण आहे. खालच्या गावांत सफरचंदाच्या बागा आहेत आणि माकडं त्यांत घुसायची. शेतकरी वैतागले होते. मग त्यांना दरीतच खायला देऊन तिथे थांबवायचं ठरलं. 1963 मध्ये जवळच्या सरायीच्या उघड्या कुंडात एक लहान मादी उतरलेली दिसली. तिचं बघून इतर पिल्लं, मग मोठ्या माद्याही उतरू लागल्या. माणसांच्या पाण्यात माकडांनी बसणं स्वच्छतेला धरून नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कुंड बांधलं. 1964 मध्ये पार्क सुरू झालं, आणि 1970 च्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर ही माकडं झळकली.

म्हणजे सवय माकडांची, सोय माणसांची. सगळी माकडं पाण्यात उतरतही नाहीत. मोठे नर तर क्वचितच. पार्कमधल्या एका मोजणीत सुमारे एक तृतीयांश माद्याच नेमाने उतरणाऱ्या निघाल्या. आणि तिथे मानपान असतो! कळपात मुलीचा दर्जा आईवरून ठरतो. वरच्या घराण्यातली मादी आली की खालची निमूट सरकते, लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना जागा करून द्यावी तशी. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 माद्यांची विष्ठा तपासून 2018 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. थंडीत ज्या आठवड्यांत माद्या पाण्यात बसल्या, त्या आठवड्यांत त्यांच्या शरीरातली ताणाची संप्रेरकं कमी आढळली. वरच्या दर्जाच्या माद्या जास्त वेळ बसत होत्या, पण भांडणंही त्याच जास्त करत होत्या. हे मेहुण्यांना अवश्य सांगा.

आम्हालाही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरता येईल का? (नागपूर)

नाही. त्या पाण्यात माकडं बसतात आणि बाकीचंही सगळं उरकतात. तुमच्यासाठी शिबू ओन्सेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, तिथून जवळच. दगडी फरसबंदीची जुनी गल्ली, नऊ सार्वजनिक स्नानगृहं. तिथल्या सरायीत मुक्काम केला की नऊही ठिकाणांची किल्ली मिळते. आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, तेही कपड्यांशिवाय. पाणी चांगलंच कढत असतं.

आईचं वय 71, गुडघे दुखतात. तिला नेऊ का? (कोल्हापूर)

कानबायाशीच्या बाजूने जंगलातून दीड किलोमीटरहून थोडी जास्त पायवाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. वाट बरीचशी सपाट, पण शेवटी पायऱ्या आहेत, आणि पर्यायी वाहन नाही. उन्हाळ्यात गाडी बरीच जवळ जाते, थंडीत तो रस्ता बंद असतो. पायाखालचा बर्फ लोकांच्या चालण्याने दाबला जाऊन काचेसारखा गुळगुळीत होतो, तेव्हा धडधाकट माणसंही घसरतात. वाटेच्या सुरुवातीला बूट भाड्याने मिळतात. तरीही जानेवारीत मी आईंना नेणार नाही. मे महिन्यात, हातात काठी देऊन, नक्की नेईन.

महाबळेश्वरला माकडाने माझ्या मुलीच्या हातातलं कणीस ओढून नेलं. तेव्हापासून ती घाबरते. तिकडे धोका आहे का? (पुणे)

इथे माकडं तुमच्या पायाशेजारून निघून जातील आणि तुमच्याकडे बघणारही नाहीत. पर्यटकांकडून कधीच काही मिळत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. महाबळेश्वरच्या माकडांना आपण उलट शिकवलं. म्हणून इथला पहिला नियम: खायला देणं सोडाच, खाऊ दाखवायचाही नाही. चिवडा, चिक्की, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत, आणि पिशवीची चेन बंद. हात लावू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, ते आव्हान समजतात. सेल्फी काठी चालत नाही. मुलीला पहिली दहा मिनिटं कुंडापासून दूर उभी करा, ती आपणहून पुढे येईल.

टोकियोहून एका दिवसात जमेल? आणि शाकाहारी जेवणाचं काय? (ठाणे)

जमतं, पण थंडीत पार्क चारला बंद होतं, म्हणून पहाटे निघा. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागानोपर्यंत साधारण दीड तास. पुढे थेट बस, नाहीतर नागानो देन्तेत्सु या स्थानिक रेल्वेची गाडी शेवटच्या युदानाका स्थानकापर्यंत आणि तिथून बस. शनिवार-रविवारी कुंडाभोवती माकडांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. शक्यतो मधला वार निवडा आणि रात्री शिबूत राहा.

जेवणात ओयाकी विचारा, म्हणजे गव्हाच्या पिठाची सारण भरलेली जाड पोळी. आत भोपळा किंवा नोझावाना ही पालेभाजी असते. मात्र सारणात माशाचं काही आहे का, हे दर दुकानात विचारायचं. सोबा शेवया शाकाहारी, पण ज्या रश्शात त्या बुडवतात तो बहुतेक वाळवलेल्या माशाचा असतो. घरून थेपले आणा, पण ते खोलीवर खा.