‘स्विच’ला मराठीत काय म्हणावं? सांधा, बटण, खटका आणि यार्डातलं इंजिन

प्रश्न असा आहे. विचारणारे अमेरिकेत राहतात आणि रेल्वे यार्डात डबे जोडत-सोडत फिरणाऱ्या इंजिनांचे फोटो काढतात. तिकडे त्या इंजिनाला ‘स्विचर’ म्हणतात. त्यावरून पुढे रुळांचे स्विच, भिंतीवरचे, जिन्यातले, टेबललॅम्पचे स्विच असे फोटो वाढत गेले. आता फोटोंखाली मराठीत ओळी लिहायच्या आहेत आणि या सगळ्यांना पुरेल असा एकच मराठी शब्द त्यांना हवा आहे.

असा एक शब्द मराठीत नाही, आणि ओढूनताणून तो घडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजीत ‘स्विच’ म्हणजे मुळात लवचिक छडी. पुढे रुळांचा आणि मग विजेचा अर्थ त्याच शब्दाला येऊन मिळाला. मराठीत या वस्तू वेगवेगळ्या वेळी आल्या आणि हाताळणाऱ्यांनी त्यांना आपापली नावं दिली. ती नावं चांगली रुळलेली आहेत.

आधी इंजिन. आपल्याकडे रेल्वे ब्रिटिशांची आली, त्यामुळे शब्दही त्यांचेच आले. अमेरिकेत जे ‘स्विचिंग’, ते आपलं ‘शंटिंग’. म्हणून फोटोखाली ‘शंटिंगचं इंजिन’ लिहावं, कोणत्याही मराठी वाचकाला ते कळेल. नुसतं ‘शंटर’ मात्र लिहू नये. ब्रिटनमध्ये शंटर हे इंजिनही असतं आणि माणूसही, पण भारतीय रेल्वेत शंटर म्हटलं की माणूसच डोळ्यांसमोर येतो. फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर अशी वाफेच्या काळातली बढतीची वाट होती. आता त्या पदाला ‘लोको पायलट (शंटिंग)’ म्हणतात, पण जुनी माणसं अजून शंटरच म्हणतात.

इंजिनावरची अक्षरंही ओळीत घ्यावीत अशी आहेत. आपल्या ‘डब्ल्यूडीएस-६’मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग. तुमच्या फोटोंतल्या अमेरिकी इंजिनांवर ‘एसडब्ल्यू’ दिसलं, तर ते ‘स्विचर’चं लघुरूप आहे असं सहज वाटेल. मुळात तसं नाही. सुरुवातीच्या मॉडेलांत एस हे सहाशे अश्वशक्तीचं अक्षर होतं आणि डब्ल्यू हे वेल्डिंग केलेल्या सांगाड्याचं. पुढे ताकद वाढत गेली, १९६६मध्ये १५०० अश्वशक्तीचं एसडब्ल्यू-१५०० आलं, तरी अक्षरं तीच राहिली.

कामगारांनी ठेवलेली नावं मला याहून मोलाची वाटतात. जीआयपी रेल्वेनं (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) १९२०च्या दशकाच्या अखेरीस आणलेली स्विस आराखड्याची विजेवरची मालगाडी इंजिनं (डब्ल्यूसीजी-१) अखेरच्या काळात मुंबईत शंटिंगला लावली होती. जगभरचे रेल्वेप्रेमी त्यांना ‘मगर’ म्हणतात. आपल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव ‘खेकडा’ ठेवलं. चाकांना जोडणारे दांडे बाहेरून खालीवर होणारं ते धूड ज्यांनी फोटोत तरी पाहिलं आहे, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

आता रुळांचा स्विच. याला अस्सल मराठी शब्द आहे: ‘सांधा’. तो बदलणारा तो ‘सांधेवाला’. २०२१च्या एप्रिलमध्ये वांगणी स्थानकात मयूर शेळके यांनी रुळांवर पडलेल्या लहान मुलाला धावत जाऊन वाचवलं, तेव्हा बातम्यांमधून ‘पॉइंट्समन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या पदाला पूर्वीच्या मराठीत सांधेवालाच म्हणत, आणि तो शब्द मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं.

एक अडचण आहे. दोन रुळांची टोकं पट्टीनं आणि बोल्टांनी जोडलेली असतात, त्या जोडालाही सांधाच म्हणतात. म्हणून नुसतं ‘सांधा’ लिहून भागणार नाही. फोटोत दोन निमुळते रूळ बाजूच्या रुळाला चिकटताना किंवा त्यापासून सुटताना दिसत असतील, तर ‘सांध्याचे सरकते रूळ’ लिहा. शेजारी वजन लावलेला, हातानं उलटवायचा दांडा असेल, तर ‘सांधा बदलायचा दांडा’. ‘बदलणे’ हे क्रियापद आलं की घोटाळा मिटतो. ‘सांधा बदलताना खडखडाट होणारच’ हे आपण राजकारणापासून संसारापर्यंत कशालाही म्हणतो, तो सांधा हाच.

घरातल्या स्विचला ‘बटण’ म्हणावं, बस. पंख्याचं बटण, जिन्यातलं बटण. ‘कळ’ हा शब्द सुंदर आहे, पण आता तो उद्घाटनाच्या बातमीत (‘कळ दाबून शुभारंभ’) आणि कळफलकावर राहिला आहे. ‘खटका’ मात्र जिवंत आहे. ज्यात ‘खट्’ आवाज होऊन काहीतरी सुटतं किंवा बसतं, तो खटका. पितळी टोपीचा, काळ्या गोल बैठकीवरचा जुना स्विच तुमच्या फोटोंत असेल, तर त्याला खटका शोभेल. हल्लीच्या सपाट, बिनआवाजाच्या बटणांना नाही. बंदुकीला मात्र ‘चाप’.

‘पॉइंट’ हा शब्द या ओळींत शक्यतो टाळा. रेल्वेवाल्यांसाठी पॉइंट म्हणजे सांधा, म्हणजे तुमच्याकडचा स्विच. पण घरात वायरमनला आपण ‘इथे एक पॉइंट काढून द्या’ म्हणतो, तेव्हा दिव्यासाठी किंवा प्लगसाठी वीज मिळण्याची जागा हवी असते, आणि तिचं बटण वेगळं असतं. यार्डातला फोटो आणि स्वयंपाकघरातला फोटो शेजारी लावून दोन्हींखाली ‘पॉइंट’ लिहिलंत, तर वाचणारा चुकीच्या वस्तूकडे बघत बसेल.

मालिकेला नाव हवंच असेल, तर देवनागरीत सरळ ‘स्विच’ लिहा. तो शब्द आता आपलाही आहे. प्रत्येक फोटोखाली मात्र त्या-त्या वस्तूचं नाव येऊ द्या.