वाचक विचारतात : साठीनंतरची पहिली कथा

प्रश्न : वय ६३. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. गेल्या वर्षी सहज कथा लिहायला घेतली, आता लिहिल्याशिवाय करमत नाही. पहिली कथा आमच्या एका कंजूष साहेबांवर. मित्र वाचून म्हणाला, 'ही कथा नाही, आठवण आहे.' सगळं खरंच घडलेलं आहे, मग चुकलं कुठं?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : 'खरंच घडलंय' हा आठवणीचा आधार, कथेला तो पुरत नाही. कथेत कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते सहजासहजी मिळत नसतं. तुमच्या साहेबांना पैसे साठवून करायचं काय होतं? माहीत नसेल तर तुम्हीच ठरवा. कल्पनेचं काम तिथून सुरू होतं.

आता कथेची पहिली दोन पानं बाजूला ठेवा आणि तिसऱ्यापासून वाचा. नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या कथेत बहुतेकदा हुद्दा, बदल्या, क्वार्टर, साहेबांचं मूळ गाव हे सगळं सुरुवातीलाच येतं; सर्व्हिस बुक लिहायची सवय हात सोडत नाही. तिसऱ्या पानापासून वाचूनही गोष्ट कळत असेल तर ती दोन पानं काढून टाका. त्यातलं एखादं वाक्य लागलंच तर पुढं ओवा.

मग विशेषणं शोधा. 'साहेब अतिशय कंजूष होते' हे वाचकानं तुमच्या शब्दावर मानायचं. त्याऐवजी साहेबांना पोह्याच्या ठेल्यावर उभं करा. पोहे एकच प्लेट, तर्री तीनदा मागून घेतलेली, चौथ्यांदा प्लेट पुढं केल्यावर पोहेवाल्यानं झारा नुसताच पातेल्यावर आपटला. 'कंजूष' शब्द आता खोडा. शिवाय पोहेवालाही कथेत आला, तो पुढं कामी येईल.

शेवटी घडलेल्यातली एक मोठी गोष्ट मुद्दाम बदला. साहेब खरोखर बढतीवर गेले असतील, तर कथेत त्यांची बढती अडवा. 'पण तसं झालं नव्हतं' असं मन ज्या जागी अडेल, नेमकी तीच जागा बदलून पाहण्यासारखी असते. यात व्यवहारही आहे : नुसतं नाव बदलून भागत नाही; हुद्दा, तालुका आणि पानाचा डबा तोच राहिला तर जुने सहकारी चुटकीसरशी ओळखतात.

हा खर्डा पंधरा दिवस तरी कपाटात ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथं पेन्सिलीची खूण करत चला, दुरुस्त्या नंतर. वाचन थांबवून दुरुस्त करत बसलात तर लय कुठं तुटते ते कानाला कळत नाही.

प्रश्न : १९५५ सालच्या नागपूरच्या महाल भागातली कथा लिहितेय. पात्रं नागपुरी बोलतात. सगळी कथाच तशी लिहू का?
– एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : पहिल्या कथेत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद नागपुरीत ठेवा, पेलायला सोपं जातं. 'मले', 'तुले', 'काऊन', 'करून रायला' असा बाज एकदा धरला की त्या पात्रापुरता शेवटपर्यंत सांभाळायचा. पहिल्या पानावर 'मले' आणि पाचव्यावर 'मला' म्हणणारा माणूस खोटा वाटतो. मात्र घरातले सगळे एकसारखं बोलणार नाहीत. आजीचं बोलणं आणि मॉरिस कॉलेजात जाणाऱ्या नातवाचं बोलणं यांत फरक दिसू द्या.

साल नीट सांभाळा. १९५५ मध्ये नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला. तेव्हा सरकारदरबारी अर्ज घेऊन तुमच्या नायकाला मुंबईची गाडी पकडायला लावू नका, त्याचं काम नागपुरातच होतं. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ पासून, म्हणून भाजीचा हिशेब आणे-पैत. वाचक कथानकातली ढिलाई माफ करतो, पण अशी चूक सापडली की पुढचं सगळं संशयानं वाचतो.

प्रश्न : दिवाळी अंकाला कथा कधी आणि कशी पाठवावी?
– एक वाचक, गोधनी, नागपूर

उत्तर : जून-जुलैत. गणपतीच्या सुमारास आलेल्या कथेला बहुधा जागा उरत नाही. आधी त्या मासिकाचे दोन-तीन अंक वाचून त्यांच्या कथा केवढ्या असतात ते पाहा. अडीच-तीन हजार शब्दांची कथा बसवणं सोपं. नवख्याची आठ हजारांची कथा चांगली असूनही मागं पडते. फुलस्केपच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात, त्यावरून अंदाज घ्या.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची भेळ होते. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ हातानं तपासा, आणि घरातल्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर दोन ओळींची विचारणा करावी; तरीही काही कळलं नाही, तर कथा मागे घेतल्याचं त्यांना कळवून मगच दुसरीकडे पाठवा.