‘नास्तिक असले तरी सज्जन’ : या ‘तरी’चं काय करायचं?

प्रश्न असा आहे : एका शोकसभेत वक्ते म्हणाले, “अण्णा नास्तिक असले तरी अत्यंत सज्जन होते.” अण्णांच्या मुलीला ते वाक्य लागलं. वक्त्यांचं म्हणणं, मी तर स्तुतीच केली. तर या वाक्यात काही चूक आहे का? ‘नास्तिक’ हा शब्द मुळातच निंदेचा आहे का? त्याऐवजी ‘निधर्मी’ म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाची चूक नाही. पण मुलीला लागलं ते बरोबर जागी लागलं, आणि ती जागा ‘नास्तिक’ ही नसून ‘तरी’ ही आहे. ‘असला तरी’ हा जोड मराठीत अपेक्षाभंग सांगतो. “पाऊस असला तरी तो आला” यात पावसात माणूस सहसा येणार नाही हे गृहीत धरलेलं असतं. आता “तो डावखुरा असला तरी प्रामाणिक आहे” असं म्हणून बघा. ऐकणारा दचकेल, डावखुरेपणाचा आणि प्रामाणिकपणाचा काय संबंध, असं विचारेल. “नास्तिक असले तरी सज्जन” ऐकताना कुणीच दचकत नाही. म्हणजे नास्तिक माणूस सहसा सज्जन नसतो ही समजूत बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून बसलेली आहे. वक्त्यांनी स्तुती अण्णांची केली, पण अण्णांसारख्या बाकी सगळ्यांना त्याच वाक्यात खाली बसवलं.

ही समजूत शब्दाच्या पोटातूनच आली का? नाही. पाणिनीचं एक छोटं सूत्र आहे (४.४.६०) : ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सगळं दैवावर आहे असं मानणारा तो दैष्टिक. तिघं एका ओळीत, कुणाला शाबासकी नाही, कुणाला शिक्षा नाही. काय आहे आणि काय नाही, तेही सूत्रात सांगितलेलं नाही.

या सूत्रावर पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीवरच्या आपल्या टीकाग्रंथात, जी शंका काढली आहे ती मला फार आवडते. ‘ज्याच्याकडे मती आहे तो आस्तिक’ असा सरळ अर्थ घेतला तर काय होईल? ‘चौरेऽपि प्राप्नोति’. मग हा शब्द चोरालाही लागू पडेल, कारण बुद्धी चोरालाही असतेच. म्हणून पतंजली सांगतो की इथे ‘इति’, म्हणजे ‘असं’, हा शब्द गाळलेला आहे असं समजा : ‘आहे असं ज्याचं मत, तो आस्तिक’. शंका निव्वळ व्याकरणाची आहे हे मान्य. तरीही आस्तिकाची व्याख्या करताना पहिल्याच फटक्यात चोर आत येऊ पाहतो, याची मला दरवेळी गंमत वाटते.

पुढे काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या नंतरच्या टीकेने, रिकामी जागा भरली : परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक, त्याच्या उलट तो नास्तिक. मनुस्मृतीने (२.११) दुसराच खुंटा ठोकला : ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन कसोट्या झाल्या, परलोक आणि वेद. दोन्हींत ईश्वर कुठेच नाही! म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक पक्के आस्तिक ठरतात, निरीश्वर सांख्यही आस्तिकांच्या रांगेत बसतात, आणि कर्म-पुनर्जन्म मानणारे, अहिंसेचे काटेकोर नियम पाळणारे जैन मनूच्या कसोटीने नास्तिक होतात. जैन आचार्य हरिभद्राला हे अर्थातच मान्य नव्हतं. आठव्या शतकातल्या आपल्या ग्रंथात त्याने बौद्ध, जैन, न्याय, सांख्य, वैशेषिक, मीमांसा या सगळ्यांना आस्तिक म्हटलं आणि दाराबाहेर फक्त लोकायत, म्हणजे परलोक न मानणारे चार्वाक, ठेवले. नास्तिक कोण, हे यादी कोण करतो त्यावर ठरत होतं. आणि यादी करणारा स्वतःला त्यात कधीच घालत नव्हता.

आज मराठीत ‘नास्तिक’ म्हणजे ‘देव न मानणारा’ एवढाच अर्थ उरला आहे. पण जुन्या ‘परलोक’ अर्थाचा वास त्याला अजून येतो, आणि सज्जनपणाबद्दलची शंका तिथूनच आली आहे. परलोक नाही म्हटलं की चित्रगुप्ताची वही नाही. वही नाही तर धाक नाही. धाक नाही तर माणूस वाटेल ते करेल. हा तर्क जुना आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात जगाला ‘अनीश्वर’ म्हणणारे थेट आसुरी संपत्तीच्या खात्यात जातात. चार्वाकांची तर पूर्ण वाट लागली. त्यांचे स्वतःचे ग्रंथ हाती लागत नाहीत. त्यांचं म्हणणं बरंचसं विरोधकांच्या तोंडून कळतं. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात, चार्वाकांवरच्या प्रकरणात, चार्वाकाला ‘नास्तिकशिरोमणी’ म्हटलं आहे. त्याच प्रकरणात सुरुवातीला ओळ येते ती अशी : जिवंत आहोत तोवर सुखाने जगावं, मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. प्रकरणाच्या शेवटाकडे तीच ओळ पुन्हा येते तेव्हा मृत्यू गेलेला असतो आणि त्या जागी कर्ज काढून प्यायलेलं तूप आलेलं असतं. आपल्या सगळ्यांना पाठ आहे ती तुपाची ओळ. ‘नास्तिक म्हणजे बुडव्या’ हे समीकरण पक्कं करायला ‘ऋणं कृत्वा’ हे दोन शब्द पुरले.

‘पाखंड’चंही तेच झालं. अशोकाच्या गिरनारच्या लेखात राजा सर्व ‘पासंडां’चा मान राखतो, तिथे पासंड म्हणजे फक्त पंथ. तुकोबांपर्यंत येता येता ‘करणें पाषांड खंडण’ हे धर्माचं काम झालं होतं.

(जाता जाता : ‘नास्तिक’चा ‘नासका’शी काही संबंध नाही, तो ‘नश्’ धातूचा. ‘नसती उठाठेव’मधला ‘नसती’ मात्र त्याचा खरा भाऊबंद. न आणि अस्, दोघांच्याही मुळाशी.)

आता मुख्य मुद्दा. भाषेतली समजूत वस्तुस्थितीला धरून असेल तर ‘तरी’ ठेवायला हरकत नाही. पावसाच्या वाक्यात तो शोभतोच. मग देव न मानणारी माणसं खरंच कमी नीतीने वागतात का? २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना दिवसातून अनेकदा फोनवर विचारलं जाई : गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का, तुमच्याशी कुणी केलं का, तुम्ही पाहिलंत का? धार्मिक आणि अधार्मिक माणसांच्या हातून घडणाऱ्या चांगल्या-वाईट गोष्टींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फरक निघाला तो भावनेत. धार्मिक माणसांना वाईट केल्याची टोचणी अधिक, चांगलं केल्याचा अभिमानही अधिक. ही सगळी माणसांनी स्वतःच दिलेली माहिती, आणि तीही दोनच देशांतली; तेवढ्यावरून जगाचा निवाडा करू नये. पण ‘तरी’ला आधार म्हणून ती उभी राहत नाही, एवढं नक्की.

समजूत मात्र घट्ट आहे. २०१७ साली १३ देशांत, भारत धरून, तीन हजारांहून जास्त लोकांना एका क्रूर खुन्याचं वर्णन वाचायला दिलं. काहींना विचारलं, हा माणूस नुसता शिक्षक असण्याची शक्यता जास्त की शिक्षक आणि धार्मिक असण्याची? बाकीच्यांना विचारलं, नुसता शिक्षक की शिक्षक आणि देव न मानणारा? हिशेबाने पाहिलं तर ‘नुसता शिक्षक’ हेच उत्तर नेहमी बरोबर, कारण त्यात बाकीचे सगळे शिक्षक येतातच. पण ‘देव न मानणारा’ हा शेपटीचा तुकडा असला की लोक जवळजवळ दुप्पट प्रमाणात फसले. स्वतः देव न मानणारेही त्यात होते. म्हणजे अण्णा स्वतः श्रोत्यांत असते तर कदाचित त्यांनाही तो ‘तरी’ खटकला नसता.

मराठीचं म्हणाल तर तिच्यात दोन्ही सोयी आहेत. ‘पापभीरू’, ‘देवमाणूस’, ‘पुण्यवान’ या शब्दांत चांगुलपणा देवाच्या खात्यावर मांडलेला आहे. ‘माणुसकी’, ‘सचोटी’, ‘चाड’ या शब्दांत देवाचं नावही नाही. ‘शेजारधर्म’ शब्दात धर्म आहे, पण तो पाळायला देव लागत नाही. वाटीभर साखर लागते. “जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग” असं आपण म्हणतो तेव्हा साक्षीदार दोनच, लोक आणि स्वतः. तुकोबा तर विठ्ठलाचेच, पण पाप-पुण्याची व्याख्या करताना ते म्हणतात : ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’. या व्याख्येत बसायला आस्तिक असण्याची अट नाही. याचा अर्थ श्रद्धा फुकट, असा मी घेत नाही. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं ते श्रद्धेच्या बळावरच. पण त्याच मंदिराचं दार अडवून उभे असलेलेही श्रद्धावानच होते.

‘तरी’ न वापरता हे कसं म्हणायचं, याचा नमुना मराठीत तयार आहे. गोपाळ गणेश आगरकरांना ‘देव न मानणारा देवमाणूस’ म्हटलं जातं. बारकाईने पाहा : ‘तरी’ नाही, ‘पण’ नाही, माफीचा सूर नाही. एक विशेषण आणि एक नाम, इतकंच. पुण्याच्या सनातन्यांनी या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. त्याने एम. ए. होता होताच आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. आणि तसाच तो १८९५ साली, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा गेला. तत्त्वज्ञानाच्या हिशेबाने आगरकर ‘नास्तिक’पेक्षा ‘अज्ञेयवादी’ या शब्दात जास्त बसतात : देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही असं म्हणणारे.

शपथेच्या बाबतीत कायद्यानेही हा ‘तरी’ कधीच काढून टाकला आहे, फुकटात मात्र नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. ते उघड नास्तिक, त्यामुळे देवाच्या नावाने घ्यायच्या शपथेवरून वाद पेटला आणि १८८६ उजाडेपर्यंत त्यांना नीट जागेवर बसू दिलं नाही. देव न मानणाऱ्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा, हीच ती शंका. याच ब्रॅडलॉंनी पुढे १८८९च्या मुंबई काँग्रेसला हजेरी लावली. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक केलेली प्रतिज्ञा हे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, कुठलाही एक दुसऱ्याहून कमी नाही.

राहिला ‘निधर्मी’. अण्णांसाठी मी तो वापरणार नाही. एक तर तो राज्याच्या धोरणासाठी रूढ झाला आहे, ‘निधर्मी राज्य’ असा. दुसरं म्हणजे मराठी कानाला तो ‘अधर्मी’च्या फार जवळचा लागतो, आणि ‘अधर्मी’ म्हणजे सरळ दुराचारी. ‘निरीश्वरवादी’ अचूक आहे, पण शोकसभेत बोजड. ‘विवेकवादी’ किंवा ‘बुद्धिप्रामाण्यवादी’ हे शब्द माणूस काय मानत नाही त्याऐवजी काय मानतो ते सांगतात. मात्र अण्णा स्वतःला तसं म्हणवत असतील तरच ते लावा, कारण देव न मानणारा प्रत्येक जण विवेकाने वागतोच असं नाही. अण्णा स्वतःला नास्तिकच म्हणवत असतील तर तोच शब्द ठेवा आणि वाक्य असं करा : “अण्णा नास्तिक होते आणि अत्यंत सज्जन होते.” किंवा त्या सभेत देवाचा विषयच निघाला नसेल, तर नुसतं “अण्णा अत्यंत सज्जन होते.”