लेव्हनवर्थला आर. व्ही. नेताना

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल शहराजवळ, रेडमंड येथे मुलीकडे आलो आहोत. सप्टेंबरअखेर आर. व्ही., म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेऊन तीन-चार दिवस लेव्हनवर्थ या बव्हेरियन, म्हणजे दक्षिण जर्मनीच्या धर्तीच्या गावी जावे, असे यजमानांच्या मनात आहे. पुण्यात त्यांनी चाळीस वर्षे गाडी चालवली, पण इतके मोठे वाहन कधीच नाही. वाटेतला घाट आम्हाला झेपेल का? आणि सगळे गावच जर्मनीची नक्कल असेल, तर एवढा खटाटोप करून ते पाहण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी याच दिवसांत हाच प्रवास केला होता, त्यामुळे तुमची दोन्ही शंकांमागची काळजी मला चांगली कळते.

आधी घाटाविषयी. लेव्हनवर्थ सिअ‍ॅटलपासून सुमारे १२० मैलांवर आहे. यू. एस. २ हा महामार्ग मन्रो, गोल्ड बार, स्कायकोमिश ही गावे घेत कॅस्केड पर्वतरांगेतल्या स्टीव्हन्स पास या खिंडीवर चढतो. खिंडीची उंची ४,०६१ फूट, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडी कमीच. आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्या माणसाला ही वळणे अवघड वाटणार नाहीत. जपायचे आहे ते वाहनाच्या वजनाला आणि लांबीला. पंचवीस फुटी आर. व्ही. सामानासकट पाच-सहा टनांच्या घरात जाते, आणि उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतात. ज्या गियरमध्ये घाट चढावा त्याच गियरमध्ये उतरावा, हा आपल्याकडच्या जुन्या चालकांचा नियम तिथेही पाळा. गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालचा गियर निवडता येतो. वळताना गाडीचा मागचा भाग उलट दिशेला बाहेर फेकला जातो, त्यामुळे पेट्रोल पंपाच्या खांबाशी विशेष सांभाळा. तुमच्यामागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या, तर सुरक्षित जागा मिळताच बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ देणे वॉशिंग्टन राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून हळू चालवण्याचा संकोच नको, मात्र बाजूला होण्याचा आळसही नको.

आय-९० या रुंद रस्त्याने जाणे सोपे, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. त्या वाटेने गेल्यास पुढे ब्लूएट पास ओलांडावा लागतो आणि तो ४,१०२ फुटांवर आहे, तेव्हा उंची काही टळत नाही. १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात १०,००० पौंडांहून जड वाहनांना बर्फासाठीच्या साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात. सप्टेंबरअखेर ती चिंता नाही. तरीही निघण्याच्या सकाळी राज्याच्या वाहतूक खात्याने रस्त्याची काय स्थिती दिली आहे ते पाहा. २०२२च्या सप्टेंबरात बोल्ट क्रीकच्या वणव्यामुळे हाच महामार्ग स्कायकोमिशच्या बाजूला बंद करावा लागला होता. भारतीय परवाना चालेल का आणि विम्यात कोणाकोणाची नावे असतील, हे भाड्याने देणाऱ्यांकडून लेखी घ्या. शक्यतो वीस ते चोवीस फुटांचीच गाडी निवडा आणि पहिला तासभर एखाद्या रिकाम्या वाहनतळावर सराव करा.

आता या घरातल्या संसाराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल विचारलेले नाही आणि खरी दमछाक तिथेच होते. गाडी हलण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची खिटी हाताने ओढून पाहायची. गोल्ड बार सोडल्यावर पहिल्याच मोठ्या वळणावर आमचे वरचे कपाट उघडले, मिसळणाचा डबा खाली आला आणि हळद-तिखट गालिच्याच्या विणीत असे काही बसले, की परत करण्याच्या दिवसापर्यंत मी ते ओल्या फडक्याने टिपत होते. मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी मिळते का, ते आरक्षण करतानाच विचारा. टाक्या दोन असतात, एक शौचालयाच्या मैल्याची आणि दुसरी मोरीच्या सांडपाण्याची. नेहमी मैल्याची आधी रिकामी करावी आणि सांडपाण्याची नंतर, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम यजमानांनी करावे आणि एक वेळचा स्वयंपाकही त्यांच्याकडे असावा, असे मी आग्रहाने सांगते. घर चाकांवर आले म्हणून बाईची सुट्टी चुलीपाशी जाऊ नये. रात्री तिथे चांगली थंडी पडते आणि गाडीतला हीटर प्रोपेन गॅसवर चालतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू असल्याची खात्री पहिल्याच संध्याकाळी करून घ्या.

गाव नक्कल आहे का? इमारतींच्या दर्शनी बाजूपुरते बोलायचे, तर आहे. परंतु ती नक्कल का करावी लागली, हे कळल्यावर माझी तरी त्या गावाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. लेव्हनवर्थ हे रेल्वेचे आणि लाकूड कापण्याच्या गिरणीचे गाव. १९२०च्या दशकात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने आपला मार्ग आणि कारभार तिथून हलवला, पुढे गिरणीही बंद पडली, आणि गाव कित्येक दशके ओस पडत गेले. १९६२मध्ये गावकऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची मदत घेऊन गाव सावरण्याची योजना आखली. महामार्गावर उपाहारगृह चालवणाऱ्या टेड प्राइस आणि बॉब रॉजर्स यांनी कॅलिफोर्नियातले सॉल्व्हँग हे डॅनिश धर्तीचे गाव पाहिले होते. मागे आल्प्ससारखे डोंगर उभे आहेत, तर आपल्या गावाला बव्हेरियन रूप द्यावे, ही कल्पना त्यातून रुजली. दुकानदारांनी स्वतःच्या पैशाने दर्शनी भिंती, लाकडी सज्जे आणि छपरे बदलली. चिकामिन नावाच्या हॉटेलला एडेलवाइस हे जर्मन नाव मिळाले. आजही त्या बाजारपेठेत नवी इमारत किंवा पाटी याच शैलीत करावी लागते. ज्या गावाला कायमची वस्ती जेमतेम अडीच हजारांची आहे, त्याने स्वतःला असे तगवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आपल्या कोकणातली रिकामी होत जाणारी गावे पाहिलेल्या माणसाला त्यामागची कळकळ सहज समजते.

शिवाय सारेच काही रंगवलेले नाही. गावात शिरण्यापूर्वी लागणाऱ्या टमवॉटर कॅन्यनमध्ये वेनाची नदीच्या काठचे मेपल तुमच्या तारखांना पिवळे-तांबडे होऊ लागलेले असतील. तो भाग परतीच्या वाटेवर, सकाळच्या उन्हात, थांबत थांबत पाहा. अक्रोड फोडणाऱ्या लाकडी बाहुल्यांच्या संग्रहालयासाठी एक दुपार राखून ठेवा. तिथे अशा हजारो बाहुल्या आहेत. पूर्वेला थोड्याच अंतरावर कॅशमिअर नावाचे फळबागांचे गाव आहे, आणि १९०४मध्ये त्याला ते नाव आपल्या काश्मीर खोऱ्यावरून दिले गेले. तिथली नासपती आणि सफरचंदे त्या दिवसांत ताजी उतरवलेली मिळतात.

शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार जा. आर. व्ही. बाजारपेठेत नेऊ नका. नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर ती उभी करून गाव पायी पाहा. तिथे गाडी मागे घेऊन जागेवर लावताना तुम्ही खाली उतरा आणि मागच्या कोपऱ्यापाशी, चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला, आरशात दिसाल अशा उभ्या राहा. आरशात तुम्ही दिसेनाशा झालात की त्यांनी तिथल्या तिथे गाडी थांबवायची, एवढे दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.